शुगर-बीपीवाल्या पेशंटला नाशिकला दाखवायला आणताना

आमच्या आईला शुगर पण आणि बीपी पण, दिंडोरीहून दर महिन्याला नाशिकला आणायचं म्हणजे एक दिवस गेलाच. सीबीएस स्टँडला उतरून दवाखान्यात पोचेपर्यंत नंबर चाळीसच्या पुढं, आणि डॉक्टरांसमोर मिळतात जेमतेम चार मिनिटं. ती वाया घालवायची नाहीत.

एक फाइल करा, नवीन रिपोर्ट सगळ्यात वर. गोळ्यांच्या स्ट्रिपा सोबत न्याच, कारण आई सांगणार "ती पांढरी बारकी", आता पांढऱ्या बारक्या गोळ्या किती असतात तुम्हीच सांगा. मागं दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या ब्रँडची मेटफॉर्मिनच (शुगरची गोळी) लिहून दिली आणि ही महिनाभर दोन्ही घेत बसली, मेडिकलवाल्या दादांच्या लक्षात आलं म्हणून बरं. त्यामुळं स्ट्रिपवर बारीक अक्षरात असतं ते औषधाचं मूळ नाव वाचायची सवय लावा. तेच चिठ्ठीवर लिहून घेतलं की जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्तात मिळतं.

एचबीएवनसी ही रक्तातल्या साखरेची तपासणी टाळू नका. ती साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, आदल्या दिवशी चहातली साखर बंद करून ती फसत नाही (आईनं करून बघितलंय).

महात्मा फुले योजनेवर निर्धास्त राहू नका, ती मुख्यतः ॲडमिट झाल्यावर कामाची, रोजच्या गोळ्या खिशातूनच.

आणि एप्रिल-मेच्या उन्हात इन्सुलिन एसटीच्या खिडकीपाशी ठेवू नका, बर्फालाही चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.