दुकानाच्या वेबसाइटवर फोटो लावताना: हक्क कुणाचा, परवानगी कशी घ्यायची

चादरी-टॉवेलच्या दुकानाची वेबसाइट करायला घेतली की ‘सोलापुरी चादर’ असं गुगलवर टाकायचं आणि आवडेल तो फोटो सेव्ह करून लावायचा, हे सर्रास चालतं. पण गुगल फोटो फक्त शोधून दाखवतं. हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो आणि कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तो फोटो काढला त्या क्षणीच तयार होतो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, फोटोवर नावही लागत नाही.

आधी मूळ शोधा. फोटो गुगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणारी गुगलची सोय) टाका. सर्वांत जुनी आणि मोठ्या आकाराची प्रत जिथे दिसते, तिथून बहुधा धागा सापडतो. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फोटोतली आतली माहिती (कुणी, कधी काढला वगैरे) गळून गेलेली असते, म्हणून ‘नाव कुठेच नाही, म्हणजे कुणाचाच नाही’ असं समजू नका. मूळ सापडलंच नाही, तर तो फोटो सोडून द्या.

किल्ल्याच्या किंवा देवळाच्या फोटोंबाबत हमखास घोटाळा होतो. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा फोटो तुम्ही स्वतः काढून लावलात तर इमारतीच्या कॉपीराइटची अडचण येत नाही. कलम ५२ मध्ये तशी सवलत आहे. दुसऱ्याने काढलेला किल्ल्याचा फोटो मात्र त्याचाच. सोलापूरच्याच गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांच्या (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या) फोटोंनाही हेच लागू.

मोफत फोटो हवा असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर बघा, पण प्रत्येक फोटोखालचा परवाना (बहुधा ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’, म्हणजे ‘सीसी’) वाचा. ‘बाय’ म्हणजे श्रेय द्यायचं. ‘एसए’ म्हणजे फोटोत बदल करून लावलात तर तोही त्याच परवान्याखाली द्यायचा. दुसऱ्या साइटवरच्या फोटोला ‘एनसी’ असेल तर धंद्यासाठी नाही, म्हणजे दुकानाच्या साइटला तो बाद. तिथे ‘एनडी’ असेल तर बदललेली प्रत लावायची नाही. त्यावर ‘दिवाळी ऑफर’ची पट्टी चढवून बॅनर केलात की अट मोडली. श्रेयाची ओळ अशी:

फोटो: छायाचित्रकाराचं नाव, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०

फोटोच्या मूळ पानाची आणि परवान्याची लिंक द्या, बदल केला असेल तर तसं लिहा. स्लायडरवर (पानावर सरकत राहणाऱ्या फोटोंच्या पट्टीवर) जागा नसेल तर ‘छायाचित्र श्रेय’ असं वेगळं पान करून त्याची लिंक साइटच्या तळाशी ठेवा. फोटो घेतला त्या दिवशी परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पुढे मूळ पान नाहीसं झालं तर हाच पुरावा.

परवानगी घ्यायची तर लेखी घ्या, फोनवरच्या ‘वापरा की’वर विसंबू नका. ईमेलमध्ये कोणता फोटो, कुठे, किती वर्षं आणि ‘जगभरासाठी’ हे चारही मुद्दे येऊ द्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेबसाइट तर कुठूनही उघडते. मिलचा माल दुकानात ठेवला म्हणून तिच्या कॅटलॉगमधले फोटो आपोआप आपले होत नाहीत, तेही विचारा.

आमच्या मते चादरीचा फोटो स्वतःच काढावा. सकाळी खिडकीशी चादर पसरा, फ्लॅश बंद ठेवा, एक फोटो पूर्ण चादरीचा आणि एक विणीचा अगदी जवळून घ्या. पैसे देऊन छायाचित्रकाराकडून काढून घेतलेत, तर वेगळा करार नसताना पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. तरीही बिलावर तसं लिहून घ्या.

दुसऱ्याच्या फोटोवरचं नाव कापून लावू नका. मालकाची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे.

फोटो वापरल्याबद्दल नोटीस आलीच तर आधी पानाचा स्क्रीनशॉट घ्या, मग फोटो साइटवरून काढून टाका. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायची प्रणाली) तो पानावरून काढला तरी मीडिया लायब्ररीत राहतो आणि जुन्या लिंकवर उघडतो. तिथूनही डिलीट करा, कॅशे (साठवून ठेवलेल्या जुन्या प्रती) रिकामी करा, फेसबुक पेज तपासा. मागितलेले पैसे लगेच भरू नका; फोटो खरंच त्यांचा असल्याचा पुरावा मागा आणि रक्कम मोठी असेल तर उत्तर वकिलाकडून पाठवा.