केल्टिक वृक्षराशी बघताय? या चुका टाळा

वृक्षराशी म्हणजे जन्मतारखेवरून मिळणारं झाड आणि त्यासोबतचा स्वभाव; केल्ट म्हणजे आयर्लंड, फ्रान्स अशा भागांतले प्राचीन युरोपीय लोक. २४ जूनला जन्मलेल्या माणसाला एक वेबसाइट ओक देते, दुसरी बर्च. यात आकडेमोड कुणाचीच चुकलेली नसते. ‘केल्टिक’ या एकाच नावाखाली दोन वेगळी कोष्टकं फिरतात. एकात २८ दिवसांचे १३ महिने, २४ डिसेंबरच्या बर्चपासून सुरू होणारे. दुसऱ्यात २१ झाडं. बहुतेकांची पाळी वर्षातून दोनदा येते, तर ओक, बर्च, ऑलिव्ह आणि बीचला एकेकच दिवस. आधी कोष्टक ओळखा, मग तारीख बघा. अंजीर, सायप्रस दिसले की दुसरं समजा. (आयर्लंडच्या पावसात ऑलिव्ह कुणी पिकवलं, देव जाणे!)

२३ डिसेंबरवाल्यांची तक्रार वेगळी. पहिल्या कोष्टकात १३ गुणिले २८ म्हणजे ३६४, एक दिवस उरतो, आणि तो नेमका त्यांचा. बऱ्याच साइट त्यांना गुपचूप शेवटच्या एल्डर महिन्यात ढकलतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे याला ‘ड्रुइडांचं प्राचीन ज्योतिष’ म्हणणं. ड्रुइड म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित; ते आपली विद्या लिहून ठेवत नसत, असं खुद्द ज्युलियस सीझरनेच नोंदवलंय. १३ झाडांचं हे पंचांग मांडलं रॉबर्ट ग्रेव्हज या इंग्रज कवीने, १९४८च्या ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकात. त्याने आधार घेतला ओघम लिपीचा. दगडाच्या कडेवर खाचा पाडून लिहायची ही २० अक्षरांची लिपी. आयर्लंडच्या केरी, कॉर्क भागातले असे दगड वाचले तर बहुतेकांवर ‘अमक्याचा मुलगा तमका’ एवढंच सापडतं, भविष्य नाही. या लिपीच्या अक्षरांच्या नावांत बेथ म्हणजे बर्च आणि दाइर म्हणजे ओक हे खरं. पण मुइन म्हणजे चक्क मान आणि गोर्त म्हणजे शेत. कोष्टकात तिथे द्राक्षवेल आणि आयव्ही बसलेत. झाडांना स्वभाव तर त्याच्याही नंतर चिकटले.

खरं केल्टिक पंचांग बघायचं असेल तर फ्रान्समधल्या कोलिन्यी गावी १८९७मध्ये सापडलेला कांस्यपट बघा. २९ किंवा ३० दिवसांचे महिने, प्रत्येकाचे मधोमध दोन भाग, आणि पाच वर्षांच्या चक्रात दोन जादा महिने. अधिकमास आणि पंधरवडे माहीत असलेल्याला हे लगेच उमगतं. त्यात महिन्यांना झाडांची नावं मात्र नाहीत.

आपल्याकडच्या नक्षत्रवृक्षांशी याची सांगड घालू नका. रोहिणीला जांभूळ मिळतं ते जन्मवेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात होता त्यावरून. इथे नुसती इंग्रजी तारीख बघतात.

मराठीत फॉरवर्ड करताना नावंही नीट तपासा. यांत्रिक भाषांतरात ॲशचं ‘राखेचं झाड’ होऊ शकतं. ऑल्डर आणि एल्डर ही दोन वेगळी झाडं आहेत: १३ महिन्यांच्या कोष्टकात पहिलं १८ मार्चपासून, दुसरं २५ नोव्हेंबरपासून.