उंच केलेली पिकअप महामार्गावर भरकटते तेव्हा

गोव्यात सत्तरीतील बागायतीपर्यंत जाणारी कच्ची वाट किंवा सांग्याकडचा पावसाळी चिखल रोजचा असेल, तर पिकअप थोडी उंच करून घेण्याचा मोह समजण्यासारखा आहे. मात्र तीच गाडी नव्या झुवारी पुलावर बाजूचा वारा लागताच शेजारच्या लेनकडे सरकू लागते आणि वेर्ण्याच्या पठारावर ८० च्या वेगाला स्टिअरिंग सतत सावरावे लागते, तेव्हा "उंच गाडी थोडी डोलणारच" असे सांगून मालकाची समजूत काढली जाते. हे उत्तर स्वीकारू नये. उंचीमुळे वळणावर गाडी अधिक कलते हे खरे; परंतु सरळ रस्त्यावर ती भरकटत असेल, तर त्यामागे शोधता येण्याजोगा दोष असतो.

तपासणीची सुरुवात गॅरेजमध्ये नव्हे, चालकाच्या आसनावर करावी. सकाळी रहदारी कमी असताना एखाद्या सरळ पट्ट्यावर, काणकोणच्या बगलमार्गासारख्या ठिकाणी, वेगमर्यादेत गाडी चालवावी आणि ती नेमके काय करते हे लिहून ठेवावे. सतत एकाच बाजूला ओढणे, दोन्ही बाजूंना भरकटणे, खड्डा किंवा पुलाचा सांधा ओलांडताना अचानक दिशा बदलणे आणि मागचा भाग उशिराने डोलणे ही चार वेगवेगळी लक्षणे आहेत व त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डावीकडे उतार ठेवलेला असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी किंचित डावीकडे झुकणे हा दोष मानू नये. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी रिमच्या आतल्या बाजूला हात फिरवून पाहावा. आपली लाल माती तिथे वाळून घट्ट बसते आणि चाकाचा तोल बिघडवते. अनेकदा बॅलन्सिंगच्या खर्चाऐवजी पाण्याचा जोरदार फवारा पुरतो.

त्यानंतर टायर पाहावेत. चिखलात उतरण्यासाठी हवा कमी केली आणि परतताना भरायची राहिली, असे वारंवार घडते. थंड टायरमध्ये हवा भरून पुन्हा चालवून पाहावे. मूळ मापापेक्षा मोठे टायर असतील, तर दाराजवळच्या तक्त्यावरचा हवेच्या दाबाचा आकडा जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. अशा वेळी टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढून कोरड्या डांबरावर थोडे अंतर सरळ जावे. रेघ फक्त मधून पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांना पुसली गेली तर हवा कमी. एका बाजूला ओढण्याची तक्रार असेल आणि टायरला फिरण्याची ठरावीक दिशा नसेल, तर पुढचे दोन टायर आपसांत बदलावेत. ओढण्याची बाजू बदलली, तर दोष टायरचाच.

आता सैलपणा शोधावा. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून व चाकांना अडसर लावून इंजिन चालू ठेवावे आणि सोबत्याला स्टिअरिंग मधल्या स्थितीपासून केवळ दोन-तीन बोटे डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगावे. आपण बाजूने वाकून टाय रॉड एंडच्या सांध्यावर, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जिथे जोडते तिथे, बोट टेकवावे. डोळ्याला न दिसणारी ठक् अशी हालचाल बोटाला लगेच कळते. याच रीतीने स्टिअरिंग रॅकचे (दांड्या डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या यंत्रणेचे) बुश, म्हणजे जोडातली रबरी अस्तरे, हीही तपासावीत. चाक ज्यावर वळते त्या गोल सांध्यासाठी, म्हणजे बॉल जॉइंटसाठी, मात्र पुढचा भाग जॅकवर उचलून, स्टँड लावून, चाक वर-खाली हलवून पाहावे लागते.

मागचा भाग डोलत असेल, तर पाट्यांना (पट्टीच्या स्प्रिंगांना) ॲक्सलशी आवळणारे यू-बोल्ट आणि पाट्याचे टोक चौकटीला जोडणाऱ्या शॅकलचे बुश तपासावेत. उंचीसाठी नवा पाटा किंवा ठोकळा घालताना जुनेच यू-बोल्ट पुन्हा आवळले असतील, तर ते बदलावेत. पाट्याचा मधला पिन ॲक्सलवरच्या भोकात नीट बसला नसेल, तर मागचा ॲक्सल किंचित तिरपा राहतो आणि गाडी सरळ जात असतानाही स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. चाके सरळ ठेवून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. दोन्ही मापे सारखी यायला हवीत.

हे सर्व ठीक निघाले आणि तरीही गाडी दोन्ही बाजूंना भरकटत असेल, तर माझा पहिला संशय कॅस्टरवर, म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या मागे कललेल्या कोनावर असतो. सायकलच्या पुढच्या चिमट्याचा तिरकेपणा आठवावा. त्याच तिरकेपणामुळे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. पुढचे निलंबन (सस्पेंशन) स्वतंत्र असलेल्या पिकअपमध्ये स्प्रिंगवर स्पेसर (जाड चकती) घालून बॉडी उचलली, की चाकाला चौकटीशी जोडणारे वरचा व खालचा असे दोन्ही आर्म खाली झुकतात आणि हा तिरकेपणा बहुधा घटतो. त्यातच मागची बाजू अधिक उचललेली असेल, तर नुकसान वाढते: सुमारे ३१०० मिलिमीटर चाकांतराच्या गाडीचा मागचा भाग पुढच्यापेक्षा ५० मिलिमीटर जास्त उचलला, तर केवळ त्या झुकावामुळे कॅस्टर जवळपास १ अंशाने कमी होतो. मोकळ्या मैदानात अगदी हळू वळण घेऊन पकड सैल करावी. स्टिअरिंग आळसावून मध्येच थांबले, तर कॅस्टर कमी आहे किंवा एखादा बॉल जॉइंट जड झाला आहे.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केल्यावर छापील अहवाल मागून घ्यावा आणि त्यातला कॅस्टरचा आकडा स्वतः वाचावा. माझ्या गाडीचे अलाइनमेंट एका ठिकाणी तीनदा झाले आणि तिन्ही वेळा केवळ टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवून ती परत मिळाली. कॅस्टरच्या रकान्यातला मर्यादेबाहेरचा लाल आकडा तिन्ही कागदांवर तसाच होता. शेवटी चाक काढून पाहिले, तेव्हा खालच्या आर्मचा ॲडजस्टिंग बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला आढळला. पान्हा लावला की बोल्टसोबत बुशचे रबरही पिळले जाई आणि सोडताच सगळे पूर्वस्थितीत येई. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हा दोष इतका सामान्य आहे, की अलाइनमेंटला जाण्याच्या दोन दिवस आधी या बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. तरीही न सुटल्यास बोल्ट कापून बुशसह नवा बसवावा आणि बसवताना ग्रीस लावावे.

बोल्ट मोकळा असूनही कॅस्टर मूळ मर्यादेत येत नसेल, तर उंची वाजवीपेक्षा जास्त झाली आहे. कॅस्टर भरून काढण्यासाठी बनवलेले वरचे आर्म बसवणे किंवा उंची कमी करणे हेच मग दोन मार्ग उरतात, आणि माझे मत उंची कमी करण्याकडे झुकते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, हेही त्या निर्णयात धरावे.

खड्ड्यावर गाडी अचानक दिशा बदलत असेल, तर टाय रॉड व खालचा आर्म यांचे कोन समोरून पाहावेत. टाय रॉड आर्मपेक्षा बराच अधिक उतरता दिसत असेल, तर चाक वर-खाली होताना स्वतःच वळते; अलाइनमेंटने हे दूर होत नाही.

दुरुस्तीनंतर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चारही चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, कारण चाके हवेत असताना आवळलेला बुश कायम पिळलेल्या अवस्थेत काम करतो आणि लवकर फाटतो. साधारण ५०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क पान्ह्याने पुन्हा तपासावेत आणि मग त्याच जुन्या पट्ट्यावर, त्याच वेगाने, पहिल्या दिवशीचा कागद शेजारी ठेवून गाडी चालवून पाहावी.