"प्रीफॅब" म्हणालात की फसलात: कारखान्यातलं घर घेताना कोणाशी काय शब्द वापरायचे

नाशिकजवळ महिरावणीच्या प्लॉटवर आई-अण्णांसाठी दोन खोल्या टाकायचं ठरलं तेव्हा मी तीन ठिकाणी फोन केले आणि तिन्हीकडे एकच बोललो, "प्रीफॅब घर करायचंय, रेट काय?" एकाने पोर्टा केबिनचं कोटेशन पाठवलं, दुसऱ्याने पीईबीचं म्हणजे अंबड एमआयडीसीत असते तसली शेड, आणि तिसरा म्हणाला "साहेब, लेबर कॅम्प आहे का?" आता चूक त्यांची तरी कशी म्हणणार, प्रीफॅब म्हणजे नुसतं आधी कारखान्यात बनवून आणलेलं, त्यात वॉचमनची केबिनही आली आणि सात मजली बिल्डिंगही आली.

म्हणून आधी नावं नीट समजून घ्या, मग फोन करा. पोर्टा केबिन म्हणजे तयार डबा, ट्रकवरून येतो, क्रेनने उतरवतात, साइट ऑफिसला बेस्ट. कंटेनर होम म्हणजे जहाजावरचा कंटेनर कापून केलेलं, २० फुटी घेतला तर रुंदी ८ फूटच मिळते आणि आतून इन्सुलेशन लावलं की तीही कमी होते, फोटोत भारी दिसतं पण डबल बेड टाकल्यावर कडेने तिरकं होऊन चालावं लागतं. पफ पॅनल म्हणजे दोन रंगीत पत्रे आणि मधे फोम, कोल्ड स्टोरेजला लावतात तेच. प्रीकास्ट तर सगळ्यांनी पाहिलंय, प्लॉटला रेडीमेड कंपाउंड घालतो ना, खांबाच्या खाचेत सिमेंटच्या फळ्या सरकवतात, तेच तंत्र मोठं केलं की घर.

आणि मी शेवटी घेतलं ते एलजीएसएफ, लाइट गेज स्टील फ्रेम. गॅल्वनाइज्ड पत्र्याचे सी आकाराचे सेक्शन मशिनवर मापात कापून येतात, साइटवर स्क्रूने जोडतात, बाहेरून सिमेंट फायबर बोर्ड, आतून जिप्सम बोर्ड, मधे रॉकवूल म्हणजे दगडापासून केलेली लोकरीसारखी भर. बाहेरून पाहिलं तर प्लास्टर केलेलं साधं घर. हे सगळं सांगण्याचा मुद्दा एवढाच की व्हेंडरला "प्रीफॅब" न म्हणता सिस्टीमचं नाव सांगा आणि भिंतीत काय काय, किती जाडीचं ते कोटेशनमधे लिहून मागा, पफ असेल तर डेन्सिटीसुद्धा. प्लिंथ म्हणजे जोतं, ट्रान्सपोर्ट, क्रेन, जीएसटी धरून की वेगळं हेही तेव्हाच. आमच्या कोटेशनमधे प्लिंथ नव्हतं, ते मला गवंडी बोलावल्यावर कळलं.

"मोड्युलर" शब्द जपून वापरा, नाशकात मोड्युलर म्हटलं की लोक किचन ट्रॉलीचा रेट सांगतात. यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओंनीही घोळ होतो. तिकडे १५ जून १९७६ पासून हड (HUD, त्यांचं गृहनिर्माण खातं) कोड लागू झाला, त्या केंद्राच्या कोडप्रमाणे कायमच्या चासीवर बनलेलं ते मॅन्युफॅक्चर्ड होम, त्याआधीची ती मोबाईल होम, आणि मोड्युलर म्हणजे कारखान्यातच बनतं पण स्थानिक बिल्डिंग कोड पाळून पक्क्या पायावर बसवतात. कायद्यातलं नाव बदललं तरी लोक अजून ट्रेलरच म्हणतात आणि नाक मुरडतात. आपल्याकडे असली विभागणी नाही, त्यामुळे इथला कोणी "मॅन्युफॅक्चर्ड होम" विकायला लागला तर सिस्टीम कुठली ते विचारा.

परवानगीच्या वेळी उलटी गंमत होते, तिथे बरेच जण "अहो टेम्पररी आहे, नटबोल्टचं आहे" म्हणून सुटायला बघतात. तसं करू नका. राहायचं घर ते घरच, बांधकाम परवानगी लागते, नटबोल्ट असो वा विटा. बँकेतही तेच, मी हौसेने "प्रीफॅब" म्हणालो तर समोरच्याने पेन खाली ठेवलं. मग इंजिनिअरने एस्टिमेटवर "स्टील फ्रेम स्ट्रक्चर, आरसीसी पाया" लिहिलं, सोबत स्ट्रक्चरल ड्रॉइंग जोडलं, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. नवा शब्दही खराच होता, फक्त आधीच्या शब्दाने डोळ्यासमोर डबा येत होता.

सगळ्यात अवघड घरचे. आमचे काका आले, चप्पल काढली, पाणी पण न पिता हॉलच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं, डोकं हलवलं, "पोकळ आहे रे". येणारा प्रत्येक जण हे करतो, तयारी ठेवा. मी त्यांना विचारलं, काका, १९९३ ला किल्लारीत काय पडलं माणसांवर? दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं. वजन कमी तर भूकंपाचा धक्काही कमी बसतो. हलकं घर वाऱ्याला मात्र धरून ठेवावं लागतं, प्लिंथमधले अँकर बोल्ट मी त्यांना वाकून दाखवले. वर हेही सांगितलं की केंद्र सरकारने १ जानेवारी २०२१ ला सहा शहरांत लाइट हाऊस प्रोजेक्टची पायाभरणी केली, प्रत्येक ठिकाणी सुमारे हजार घरं, त्यात आगरतळ्याला हीच एलजीएसएफ, चेन्नईला प्रीकास्ट. काका म्हणाले, "सरकारी आहे होय", आणि मग पाणी मागितलं. पत्र्याचं घर हा शब्द आत्याने अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.

टकटक मात्र एका बाबतीत खरी आहे हं. त्या भिंतीत कुठेही खिळा ठोकून जड वस्तू टांगता येत नाही. गिझर, टीव्ही, देव्हारा, किचनचे कपाट कुठे येणार ते फ्रेम कापायच्या आधी ड्रॉइंगवर मार्क करा म्हणजे तिथे बोर्डच्या मागे प्लाय किंवा पट्टी टाकून देतात. आम्ही गिझर सांगितला, देव्हारा विसरलो. सागवानी देव्हारा, अण्णांच्या वडिलांच्या वेळचा, चांगला जड. शेवटी बोर्ड कापून मागे प्लाय टाकली, वरून पुट्टी, रंग, दोन दिवस गेले, आणि तो चौकोन दुपारच्या उन्हात अजून वेगळा दिसतो.