मैफल संपल्यावर आवडत्या गायकाला भेटायचं कसं (माझ्यासारखं तोंडावर न पडता)

रेडिओवर बोलायचं काम करते त्यामुळे लोकांना वाटतं हिला काय, कुठल्याही गायकाला जाऊन भेटत असेल. तसं काही नसतं हो. माईकसमोर कितीही बडबड करा, ज्या माणसाच्या कॅसेट ऐकत लहानाचे मोठे झालो तो दोन फुटांवर टॉवेलने मान पुसत बसलेला असला की जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून आधी माझं काय चुकलं ते सांगते, कारण शिकले ते तिथेच.

पणजीत कांपालला कला अकादमीत बुवांचं गाणं होतं (नाव घेत नाही, त्यांना आवडणार नाही). मी संध्याकाळची ड्युटी संपवून धावत पोचले तोवर पहिला राग अर्ध्यावर गेला होता. संपल्यावर सरळ ग्रीन रूममध्ये घुसले, रेकॉर्डर चालू करून त्यांच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, बुवा आजचा यमन काय अप्रतिम झाला! कोपऱ्यात तबलजी खोकले. पूरिया कल्याण होता तो. यमनात नसतो तो कोमल रिषभ अख्ख्या हॉलला ऐकू आला, मला सोडून. मग सारवासारव म्हणून विचारलं, गोव्याबद्दल काय वाटतं? बुवा म्हणाले, छान आहे. आणि पाणी प्यायले. घरी येऊन ऐकलं तर एकूण नऊ सेकंद, त्यातले पाच एसीची घरघर.

तर पहिली गोष्ट, वेळेवर जा आणि पूर्ण ऐका. उशीर झाला असेल तर त्या दिवशी भेटायचा विचारच सोडा, पुढच्या खेपेला बघू. गोव्यात गाण्यांना तोटा नाही, पाऊस सरला की थोर गायिका केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह असतो, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगावला रवींद्र भवन आहे आणि देवळांतून उत्सवांना गाणं असतं ते वेगळंच. खरं सांगायचं तर देवळात भेट जास्त सोपी, तिथे विंग नाही, पास नाही, गायक प्रसादाच्या पंगतीत तुमच्याच शेजारी बसलेला असू शकतो.

बसायचं कुठे? लोक मधोमध पुढे बसतात, मी आता कडेला बसते, जिथून तानपुरेवाले आणि तबलजींचे हात दिसतात. कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी बाल्कनीत बसलेले प्रेक्षक रंगवलेत, मला त्यांचा हेवा वाटतो, शेवटच्या बसची चिंता नाही, शेवटची भैरवी झाल्याशिवाय कोणी उठत नाही. तुम्हाला मात्र बस आहे, तेव्हा परत जायचं कसं ते आधीच ठरवून या नाहीतर अर्धं लक्ष घड्याळाकडे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विचारायचं काय. एकच प्रश्न न्या आणि तो त्या दिवशीच्या गाण्यातूनच निघालेला असू दे. घरून लिहून आणलेल्या प्रश्नाचा कलाकाराला लांबूनच वास येतो. तुम्ही कोणाकडून शिकलात, पहिली मैफल कोणती, रियाज किती तास, हे सगळं त्यांनी हजारदा सांगितलेलं असतं. आणि गाण्याचं ज्ञान नसलं तर घाबरू नका, डोळे आहेत ना? स्टेजवर काय चाललंय ते बघा. कुठे थांबले, कोणाकडे बघून हसले, मध्येच एसी बंद करायला का सांगितला.

दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. तोच गायक, दोन वर्षांनी. सुरुवात मारव्याने, मारव्यात पंचम म्हणजे प नाही म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादावर, म्हणजे नी वर. पुढच्या रागाला ती पंचमावर घेतली, खुंटी पिळली, मणका सरकवला, तरी बुवांचं समाधान होईना, मग स्वतः वाकून घोडीवरचा जवारीचा दोरा (तारेखालचा, ज्याने तारेला गुंजन येतं) नखाने केसभर पुढे ढकलला आणि तानपुरा असा काही बोलायला लागला की माझ्या शेजारचे आजोबा अहाहा म्हणाले, अजून गाणं सुरूही झालं नव्हतं.

संपल्यावर लगेच आत धावायचं नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं आयोजकांची, मंत्र्यांची, शाल-नारळ, पाया पडणारे, सेल्फीवाले. गायकाचं अंग अजून तापलेलं असतं, डोकं स्टेजवरच असतं. तुम्ही बाहेर थांबा. तानपुऱ्यांवर गवसणी चढायला लागली की समजा आता वेळ झाली. तेवढ्यात साथीदारांशी बोलून घ्या, पण दार उघडून घ्यायला म्हणून नाही, खरंच बोला. हार्मोनियम-तबल्याला कितीदा आपलेच गोव्याचे लोक असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी तबलजींना म्हटलं, त्या झपतालात शेवटी जे केलंत ना ते परत ऐकायला मिळेल का कधी? ते इतके खूश झाले की मलाच घेऊन आत गेले.

मोबाईल पर्समध्ये. रेकॉर्डर असला तर तोही, बंद करून. (आमच्या धंद्यातल्यांसाठी: कॉपीराइट कायद्यात परफॉर्मरचा वेगळा हक्क असतो, चोरून केलेलं रेकॉर्डिंग लावता येत नाही, मग कशाला?) फुलांचा गुच्छ नको, त्यांना तो गाडीत ठेवायला जागा नसते. गार काही देऊ नका. आणि स्वतः गाऊन दाखवायचं नाही, अगदी त्यांनी म्हटलं तरी!

मी नमस्कार केला आणि विचारलं, बुवा, तो दोरा आज का हलवावा लागला? बुवांनी वर बघितलं. मागची यमनवाली मी, हे त्यांना आठवलं की नाही देव जाणे. म्हणाले, बस. मग सांगायला लागले, तुमच्याकडे बाहेर हवा दमट, नदीच्या काठावर हॉल, आत एसी, लाकूड आणि तार दोन्ही बिथरतात, म्हणून मी तानपुरे तासभर आधी स्टेजवर नेऊन ठेवायला सांगतो, हवा अंगवळणी पडू दे त्यांच्या, आज विमानच उशिरा आलं. बोलता बोलता स्वतःच उठले, एका तानपुऱ्याची गवसणी अर्धी खाली ओढली आणि मला दोरा हलवायला लावला. इकडे नाही, तिकडे. थोडा. थोडाच गं. आता ऐक.

तीन-चार मिनिटं झाली असतील. कमी वाटतात? केसरबाईंची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे आणि १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अंतराळात गेली. आमच्या केरीच्या बाईंना तेवढी पुरली. आयोजक दारात जेवणाची घाई करायला लागले की आपणच उठायचं, त्यांनी उठवायची वाट बघायची नाही. मी उठले.

बाहेर आले तर फोंड्याची बस गेलेली. तबलजी गाडीत सामान भरत होते, बायको पुढे बसली होती. म्हणाले, बस चुकली न्ही गो? यो, फोंड्या सोडटां. मागच्या सीटवर तबल्याच्या बॅगा आणि हार्मोनियमची पेटी, डग्ग्याला जागाच उरली नव्हती म्हणून तो माझ्या मांडीवर. बाणस्तारीपर्यंत कोणी काही बोललं नाही. खड्डा आला की तेवढा डग्गा धुम्म करायचा.