स्नॅपमधील कामाची अट आणि केस मॅनेजरचे काम

अमेरिकेत समाजकार्याचे शिक्षण घेऊन रोजगार-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात येऊ पाहणारे मराठी विद्यार्थी मला या कामाविषयी अधूनमधून विचारत असतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. न्यू जर्सीतील एका स्वयंसेवी संस्थेत मी स्नॅप, म्हणजे पूर्वी फूड स्टॅम्प म्हटली जाणारी अन्नखरेदीसाठीची सरकारी मदत, घेणाऱ्यांच्या प्रशिक्षण कार्यक्रमात केस मॅनेजर म्हणून काम करते.

आपल्याकडच्या रेशनची कल्पना मनात ठेवून या कामात आलात तर पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडेल. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते आणि त्यासाठी कुणी कामाचा दाखला मागत नाही. महाराष्ट्राच्या 1977 च्या रोजगार हमी कायद्याने तर मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. इथे काम मिळवण्याची आणि ते केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मदत घेणाऱ्यावर असते. ही रचना मला न्याय्य वाटत नाही. पण ती नीट समजून घेतल्याशिवाय समोरच्या माणसाच्या ताटातले अन्न आपण वाचवू शकत नाही, हेही तितकेच खरे आहे.

नियमांचे दोन थर आहेत. पहिल्यात 16 ते 59 वयोगटातील बहुतेकांनी कामासाठी नोंदणी करणे, योग्य नोकरी मिळाली तर स्वीकारणे आणि सबळ कारणाशिवाय नोकरी न सोडणे एवढे अपेक्षित असते. खरा जाच दुसऱ्या थराचा आहे. 1996 च्या कायद्यानुसार, ज्यांच्यावर लहान मुलांची जबाबदारी नाही अशा धडधाकट प्रौढांनी महिन्याला 80 तास काम किंवा प्रशिक्षण केले नाही, तर 36 महिन्यांत त्यांना फक्त 3 महिने मदत मिळते. ही अट मुळात 18 ते 49 वयापर्यंत होती. 2023 च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने 54 पर्यंत आणि जुलै 2025 च्या कायद्याने 64 पर्यंत नेण्यात आली. त्याच कायद्याने बेघर व्यक्ती आणि माजी सैनिकांची सूट काढून घेतली आणि पालकांची सूट मूल 14 वर्षांचे होईपर्यंतच ठेवली. साठी ओलांडलेल्या माणसाला, आयुष्यभर राबून झाल्यावर, पुन्हा तासांचा हिशेब मागताना जीव कासावीस होतो.

म्हणून नवख्याने सर्वांत आधी तास मोजायला शिकावे. समजा, उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या एखाद्याला एका आठवड्यात 26 तास मिळाले, पुढे 12, मग 18 आणि शेवटी 9. वेळापत्रक मालक ठरवतो, तरी बेरीज 65 च भरते आणि 15 तास कमी पडतात. अशा वेळी सार्वजनिक वाचनालयात किंवा अन्नपेढीत केलेले विनावेतन कामही धरता येते, मात्र तिथल्या जबाबदार व्यक्तीचे तारीखवार सहीचे पत्र हवे. नुसता नोकरीचा शोध मात्र पुरत नाही. तो प्रशिक्षणासोबत आणि निम्म्याहून कमी तासांपुरताच चालतो. माझ्या पाहण्यात लोकांची मदत तुटते ती बहुधा कष्ट कमी पडल्यामुळे नव्हे, तर वेतनचिठ्ठी वेळेवर न पोचल्यामुळे.

तास मोजण्याच्याही आधी सूट तपासावी. पाठदुखी, नैराश्य, आजारी आईची शुश्रूषा, व्यसनमुक्तीचे उपचार या गोष्टी माणसे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांचा कामाच्या अटीशी काही संबंध असेल असे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. पहिल्या भेटीत अर्ज बाजूला ठेवावा आणि दिवस कसा जातो ते सावकाश विचारावे. इंग्रजी तोडकेमोडके असेल तर दुभाषी मागवावा; घरातल्या मुलाला दुभाषी करू नये.

प्रशिक्षणाबाबत एक गोष्ट अनेक नव्या सहकाऱ्यांना ठाऊक नसते. बसभाडे, पाळणाघराचा खर्च, गणवेश, अवजारे यांसाठी कार्यक्रमातून रक्कम मिळू शकते, आणि नोकरी लागल्यावरही 90 दिवसांपर्यंत आधार देता येतो. रुग्ण-साहाय्यकाच्या अभ्यासक्रमात नाव घातले, पण पहाटेच्या पाळीला पोचण्याची सोय पाहिली नाही, तर ते शिक्षण वायाच जाते.

मराठी कुटुंबांकडून वारंवार येणारा प्रश्नही इथेच निकाली काढते. एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना स्नॅप मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड मिळालेल्या प्रौढालाही सहसा 5 वर्षे थांबावे लागते.

मदत बंद होत असल्याची नोटीस घेऊन कुणी आले, तर समजूत घालण्याआधी नोटिशीवरची तारीख वाचा. सुनावणी मागण्यासाठी 90 दिवस असतात. परंतु कारवाई लागू होण्याच्या तारखेआधी अर्ज केला, तर मदत मंजूर झालेली मुदत शिल्लक असेतोवर निर्णय लागेपर्यंत मदत चालू राहू शकते. निर्णय विरुद्ध गेल्यास ती रक्कम परत करावी लागते, हेही त्यांना त्याच वेळी स्पष्ट सांगा, आणि अर्ज त्याच दिवशी काउंटीच्या कार्यालयात देऊन त्याची पोच घ्या.