कोल्हापूरहून हिमालयातल्या तळ्यांपर्यंत: पहिल्या मोठ्या ट्रेकची तयारी कशी करावी

पन्हाळा ते पावनखिंड दोन दिवसांत चालून जाणाऱ्याला हिमालयाचं काय विशेष, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मीही तसंच म्हणत होतो. मग काश्मीरच्या ग्रेट लेक्स ट्रेकला आमच्या गटात एक पैलवान आला. रोज पहाटे तालमीत घाम गाळणारा, चढावर कायम सगळ्यांच्या पुढे. विशनसर तळ्याजवळच्या मुक्कामाला तो सर्वांत आधी पोहोचला आणि संध्याकाळी तंबूबाहेर दगडावर कपाळ दाबून बसला. हातातला चहा तसाच निवून गेला. फोडणीचा वास आला तरी त्याला मळमळत होतं. त्याच्यामागून दीड तासाने रमतगमत आलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या आमच्या ताई त्या वेळी दुसऱ्यांदा खिचडी वाढून घेत होत्या.

त्याला उंचीवर जायची घाई नडली. सह्याद्रीत जिद्दीवर चढून जाता येतं, हिमालयातल्या तळ्यांपाशी मात्र थांबत थांबतच जावं लागतं. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती लावून घ्या.

आधी तळं आणि महिना ठरवा

इथे मी काश्मीरचीच वाट धरून सांगतो. सोनमर्गहून सुरुवात, मग निचनई खिंड, विशनसर आणि किशनसर, गडसर, सातसर, गंगाबल आणि नुंदकोल, शेवटी नारानागला उतरायचं. साधारण ७० ते ७५ किलोमीटर, सात-आठ दिवस. सर्वांत उंच जागा गडसर खिंड, पावणेचौदा हजार फुटांच्या घरात. आपलं कोल्हापूर अठराशे-एकोणीसशे फुटांवर, आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई ५,४०० फूट. सोनमर्ग, जिथून चालायला सुरुवात होते, तेच नऊ हजार फुटांवर आहे. हे आकडे घरात कागदावर लिहून भिंतीला लावा.

सुट्टी कमी असेल तर मनालीजवळचं भृगू तळं तीन-चार दिवसांत होतं. पण तिथे उंची फार झपाट्याने वाढते, म्हणून आधी मनालीत दोन रात्री काढाव्यात. घरातली वडीलधारी मंडळी सोबत असतील तर मंडीकडचं पराशर तळं निवडा. ते नऊ हजार फुटांच्या आत आहे आणि गाडी बरीच जवळ जाते.

काश्मीरची ही तळी जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गाठता येतात. जुलैच्या सुरुवातीला खिंडीत बर्फ असतो, जुलैअखेर ते ऑगस्ट फुलांचा बहर, सप्टेंबरात आभाळ मोकळं आणि रात्री कडक थंड. नेमका हाच आपल्याकडच्या पुराचा काळ. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं आणि पुण्याकडची वाहतूक काही दिवस बंद होती. त्यामुळे मी कोल्हापूरकरांना ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सुचवतो, आणि जायच्या बाजूला दोन दिवस हातचे राखून ठेवायला सांगतो.

तिकीट काढण्याआधी वाट खुली आहे का, परवानगी आणि स्थानिक गाईड यांचे त्या वर्षीचे नियम काय आहेत, हे पक्कं विचारून घ्या. सरहद्द जवळ असल्यामुळे वाटेत लष्कराची चौकी लागते आणि ओळखपत्र तपासलं जातं. मूळ आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवा. आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. तसंही सोनमर्ग सोडल्यावर फोन लागायचा नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे आई चार दिवस काळजी करत बसणार नाही.

तीन महिने आधीपासून चालायला लागा

रंकाळ्याभोवती रोज फेऱ्या मारणं चांगलंच, पण ती वाट सपाट आहे. आठवड्यातून एकदा चढ हवा. गायमुखाकडून जोतिबा चढा, उतरा, पुन्हा चढा. पहिल्या महिन्यात मोकळ्या अंगाने, दुसऱ्यात पाठीवर पाच किलो, तिसऱ्यात प्रत्यक्ष न्यायचं तेवढं ओझं. उतरायची सवय चढण्याइतकीच लागते. मांड्या आणि गुडघे बोलायला लागतात ते उतारावरच.

आपल्या हाताशी जी सोय आहे ती पुण्या-मुंबईकडच्यांनाही हेवा वाटावी अशी आहे: जुलैतली पन्हाळा–पावनखिंड. मसाई पठारावरचा वारा, गुडघाभर चिखल, ओढे आणि दुसऱ्या दिवशी ओल्याच बुटात पाय घालून पुन्हा चालणं. सलग दोन दिवस चालल्यावर शरीर काय म्हणतं, ते इथे कळतं. तुमची सॅक, रेनकोट आणि बूट यांची खरी परीक्षाही इथेच होते. माझ्या जुन्या बुटाचा तळवा करपेवाडीच्या अलीकडे उकलला आणि उरलेली वाट मी तो सुतळीने बांधून काढली. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बुटांचा गोंद मरतो. तो इथे मेला तर बिघडत नाही, निचनईच्या दगडांत मेला तर माणूस अडकतो.

बूट निदान दोन महिने आधी घ्या, संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असताना, जाड मोजे घालून. पुढे अंगठ्याला अर्धा इंच जागा हवी.

सॅक भरताना

पंधरा दिवसांनी पस्तावायचं नसेल तर सॅक भरून वजनकाट्यावर ठेवा. दहा-बारा किलोंच्या वर काटा गेला की काहीतरी बाहेर काढा. घोडे असले तरी दिवसाचं सामान तुमच्याच पाठीवर असतं.

सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला, मग सामान. वरून घालायचं कव्हर वाऱ्याने उडतं आणि पाठीकडून पाणी झिरपतंच. तळाला स्लीपिंग बॅग, मध्ये पाठीला चिकटून जड वस्तू, वर रेनकोट आणि फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जॅकेट). कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडावर घट्ट बसवा, म्हणजे ओझं खांद्यांवर न येता कमरेवर येतं.

सुती कपडे न्यायचे नाहीत. सुती बनियन एकदा भिजलं की अंगाची ऊब ओढत राहतं. आपले धनगर पावसात घोंगडी का पांघरतात, ते आठवा: लोकर भिजली तरी ऊब धरून ठेवते. तेच तत्त्व इथे. आत लोकरीचा किंवा चटकन वाळणारा थर, त्यावर फ्लीस, मुक्कामाला पिसं भरलेलं डाऊन जॅकेट आणि सगळ्यांवर पाणी न शिरणारं जर्किन. झोपायचे मोजे आणि कपडे वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि काहीही झालं तरी ते चालताना घालायचे नाहीत. तंबूत शिरल्यावर अंगाला कोरडा कपडा लागला की अर्धा थकवा तिथेच उतरतो.

खाण्याचं सांगतो. उंचीवर भूक मरते, आणि अनोळखी चवीचं अन्न तर नकोसंच होतं. आम्ही गूळ आणि भाजलेले शेंगदाणे, थोडं भडंग आणि कांदा-लसूण चटणी नेली होती. बेचव खिचडीवर ती चटणी पडली की ताट रिकामं व्हायचं. चटणीला तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत गुंडाळा. चार हजार मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे भात-डाळ कुकरशिवाय शिजत नाही. आपापलं शिजवून खाणार असाल तर लहान कुकर विसरू नका.

उंचीची सवय: इथे घाई करायची नाही

हवेत प्राणवायूचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं. हवेचा दाब मात्र कमी होतो, आणि गडसर खिंडीत तो समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू तितका कमी. शरीर त्याला जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. जोर-बैठकांनी ते दिवस कमी होत नाहीत. आमच्या पैलवानाचं तिथेच चुकलं.

नियम साधा आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात दीड हजार फुटांहून जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. श्रीनगरहून थेट येऊन दुसऱ्याच दिवशी चालायला लागू नका. सोनमर्गला दोन रात्री काढा. विशनसरला एक दिवस जास्तीचा ठेवलेला ट्रेकच निवडा. त्या दिवशी किशनसरपर्यंत हळू चालत जाऊन यायचं आणि झोपायला खाली. काही जण हा दिवस वाचवून पैसे कमी सांगतात. तसा ट्रेक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चालताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. दिवसाला तीन-चार लिटर पाणी घ्या. दारू, सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद. उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या डायमॉक्स गोळीबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. बीपी, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तपासणी करूनच ठरवावं.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप न लागणं ही पहिली खूण. ती दिसली की वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. त्रास वाढला तर खाली उतरायचं. माणसाला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, तो बरळत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा खोकल्यातून फेस येत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी सोबत देऊन त्याला खाली न्या. आमच्या पैलवानाने एक दिवस तळ्याकाठी पडून काढला, संध्याकाळी दोन भाकरींएवढं जेवला, आणि मग गडसर खिंड सगळ्यांच्या मागून, अगदी बैलगाडीच्या चालीने चढला.

रोजचा क्रम

सकाळी सातच्या आत निघा. दुपारनंतर ढग भरतात आणि खिंडीत वीज पडण्याचा धोका वाढतो. बर्फ वितळून वाहणारे ओढेही सकाळी कमी आणि दुपारी फुगलेले असतात. ओढा ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडलात तरी सॅक टाकता येते. वाटेत बकरवालांचे मोठे कळप भेटतात. त्यांची राखणीची कुत्री फार कडक असतात, म्हणून कळपातून न जाता लांबून वळसा घाला आणि राखणदाराला हाक मारा. तीही आपल्या धनगरांसारखीच कळपामागे डोंगर चढणारी माणसं, चहा देतील.

तळ्यापाशी

ही तळी हिमनद्यांनी खडक खरवडून केलेल्या खळग्यांत साठलेली आहेत. पाण्यात उतरलेल्या बारीक खडकपिठीमुळे काहींचा रंग दुधाळ हिरवा-निळा दिसतो. गंगाबलच्या मागे १६,८०० फुटांवर गेलेला हरमुख उभा आहे. तिथे बसायला पूर्ण संध्याकाळ ठेवा.

पोहायला उतरू नका. पंचगंगेत सूर मारणाऱ्यांना हे सांगणं अवघड जातं, पण बर्फाच्या पाण्यात पडताक्षणी श्वास अडखळतो आणि काही मिनिटांत हात-पाय ऐकेनासे होतात. पट्टीचा पोहणाराही त्यात बुडतो.

साबण, दात घासणं, भांडी विसळणं हे सगळं पाण्यापासून निदान दोनशे फुटांवर. शौचाचा खड्डाही तेवढाच लांब, वीतभर खोल, आणि कागद पिशवीत घालून परत. केंदाळाने भरलेला रंकाळा आपण पाहिला आहे. सांडपाणी मिसळत गेलं की तळ्याचं काय होतं, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्यात त्या थंडीत काही कुजायलाही वर्षं लागतात. गुटख्याच्या पुड्या आणि चॉकलेटचे कागद एका पिशवीत गोळा करून नारानाग-श्रीनगरपर्यंत परत आणा.

शेवटचा उतार

गंगाबलहून नारानाग म्हणजे एका दिवसात चार हजार फुटांहून जास्त उतार. आदल्या संध्याकाळी पायाची नखं अगदी कापून घ्या, नाहीतर अंगठ्याचं नख काळं-निळं होऊन गळतं. बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट आणि बोटांकडे सैल बांधा. पावलं लहान टाका, काठ्या दोन वापरा. पाइनच्या जंगलात पोहोचलात की वाट निसरडी होते, तिथे फोटो थांबूनच काढा. खाली नारानागला जुन्या दगडी मंदिरांचे अवशेष आणि झऱ्याचं कुंड आहे. बूट काढून पाय मोकळे करा, आणि घरी फोन लावा.